नुसतं पाणी

तंबूचा पहिला खुंटा जमिनीत जायच्या आधीच सलोमी साळवे खोटं बोलून बसली होती. तेही कुणाशी, तर खुद्द आपल्या काष्टीच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी, आणि मिशनच्या फाटकात उभं राहून. एका हातात बाजाची पेटी, काखेत स्टोव्ह, अंगात नगरपासूनच्या एसटीचे आणि राहात्यापासूनच्या जीपचे धक्के, अशा अवस्थेत माणूस काहीही बोलून जातं, असं तिनं नंतर स्वतःला समजावून पाहिलं. ते तिचं तिलाच पटलं नाही.

राहात्याच्या पुढं चिंचखेडी म्हणून गाव आहे. तिथल्या मिशनच्या माळावर दर जानेवारीत ख्रिस्ती संगीत महोत्सव भरायचा. जिल्ह्याभरातून भजनी मंडळं यायची, आपापले तंबू ठोकायची, दोन दिवस तिथंच रांधायची आणि तिथंच गायची. काष्टीच्या महिला मंडळात तिघीच जणी. पेटी वाजवून गाणारी सलोमी, झांजा धरणाऱ्या केशरबाई आणि ढोलकीवर जयमाला.

पाळकसाहेब यंदा महोत्सवाच्या कमिटीवर होते. आलेल्या मंडळांना ते जागा दाखवत होते. सलोमीला बघताच त्यांनी तिला चिंचेखाली बाजूला घेतलं.

"सलोमीबाई, कमिटीनं यंदा नियम केलाय. मंचावर बसणाऱ्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा झालेला पाहिजे. गेल्या वर्षी कुणीतरी तक्रार केली होती. तुमच्या ढोलकीवाल्या जयमालाबाई तर..."

"ती घेणारच आहे की," सलोमी म्हणाली. "उद्याच. तुमच्याच हातून घ्यायचा म्हणत होती."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "खरं सांगता? अहो, उद्या सकाळच्या उपासनेत तिघांचा आहेच. चौथ्या या. मी आज संध्याकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवतो."

सलोमीच्या जिभेला हाड नाही, हे तिची सासू पहिल्या वर्षापासून सांगत आली होती. पण आजवर त्या जिभेनं फार तर शेजारणींची भांडणं लावली होती. हे प्रकरण वेगळं होतं. आणि जिच्या नावानं हे सगळं ठरलं, ती जयमाला त्या वेळी फाटकाबाहेर जीपवाल्याशी हुज्जत घालत होती. गोधडीत गुंडाळलेली ढोलकी तिच्या खांद्यावर होती. बाप्तिस्म्याचा ब सुद्धा तिच्या मनात नव्हता.

या दोघी चुलत जावा. साळव्यांचं मूळ घर एकच. सलोमीच्या नवऱ्याचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाले. त्यांचे धाकटे भाऊ वाट बघत राहिले आणि छप्पन साली सगळ्या घरादारासह बौद्ध झाले. ओटे मात्र शेजारीशेजारीच राहिले. नाताळच्या करंज्या इकडून तिकडं जायच्या, भीमजयंतीची खीर तिकडून इकडं यायची, आणि पोरं दोन्हीकडं जेवून तिसऱ्यांदा भूक लागली म्हणून ओरडायची.

जयमालाचं माहेर सुप्याचं. तिचा बाप भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. त्याच्या मांडीला टेकून ती शिकली, आणि लग्नानंतर ते बोटांतच ठेवून दिलं. सलोमीच्या ओट्यावर भजनाची तालीम चालायची तेव्हा ती नुसती मेथी निवडत बसायची. ढोलकीवर तेव्हा चर्चच्या शिपायाचा पोरगा होता आणि त्याचा ठेका सारखा घसरायचा. एके संध्याकाळी जयमालाला ते सोसवेना. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, पोराला म्हणाली, "सरक रं जरा," आणि तिथून पुढं तो पोरगा कधी ढोलकीजवळ फिरकलाच नाही.

चिंचखेडीत आजवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. नाव जयमाला साळवे, आणि साळवे तर त्या माळावर पैशाला पासरी. पाळकसाहेबांना माहीत होतं, पण ते कानाडोळा करायचे. यंदा मात्र पहिल्या येणाऱ्या मंडळाची पुण्याची एक कंपनी कॅसेट काढणार होती, आणि कॅसेट म्हटल्यावर कमिटीला सगळं चोख हवं झालं.

सलोमीला ती कॅसेट हवी होती. मनापासून हवी होती, इथं लाजायचं कारण नाही. दिवसभर अंगणवाडीत पोरांची नाकं पुसायची, त्यांना सुकडी वाटायची, आणि काष्टीच्या बाजाराच्या दिवशी कॅसेटवाल्याच्या गाडीशी उगाच घुटमळायचं, असा तिचा संसार. त्या गाडीच्या कर्ण्यातून एकदा तरी आपला आवाज यावा, बैलबाजारात उभ्या असलेल्या गड्यांनी वळून बघावं, एवढीच तिची हौस होती. आणि गाणंही तसं जमलं होतं. हरवलेल्या मेंढराचं. शब्द सलोमीचे, चाल सलोमीची, पण जीव जयमालाच्या ढोलकीत. मेंढपाळ शोधायला निघतो तिथं सलोमीनं साधा ठेका धरला होता. जयमाला म्हणाली, "आगं, मेंढरू हरावल्यालं मानूस आसं चालतंय व्हय? ते पळतंय, मधीच थांबतंय, कान देतंय, पुन्ना पळतंय." आणि तिनं ते वाजवून दाखवलं. ऐकताना छाती धडधडायची. ती ढोलकी काढली तर त्या गाण्यात राहत होतं काय?

"सलोमी, दोरी वढ की! कुटं बगतीस?" जयमाला ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला लोंबकळत ओरडली.

सलोमीनं दोरी ओढली. केशरबाई मध्ये बांबू धरून उभ्या होत्या. त्या साठीच्या, पहिल्या पाळकांच्या विधवा, गुडघ्यांनी अधू पण तोंडानं खणखणीत. त्या म्हणाल्या, "हिचं टाळकं ठिकानावर न्हाई आज. जीपमधी बरी हुती. फाटकात काय झालं कुनास ठाऊक."

"काय न्हाई मावशी. ऊन लागलं."

"जानेवारीत?" केशरबाईंनी विचारलं.

तंबू उभा राहिला. उत्तमरावांनी, म्हणजे जयमालाच्या नवऱ्यानं, कारखान्याच्या ट्रॅक्टरवरची जुनी ताडपत्री दिली होती. तिला मळीचा आंबूस वास होता आणि एका कोपऱ्यात हाताएवढं भोक होतं. जयमालानं त्या भोकाला सलोमीचा जुना परकर टाचला आणि आत पसरलेल्या कडब्यावर पाय ताणून बसली. "लई झ्याक झालं," ती म्हणाली. घर नाही, चूल नाही, पोरं नाहीत, आणि दोन दिवस नुसतं वाजवायचं. वर्षातून एवढाच तिचा सण.

सलोमीनं ठरवलं, पिठलं करता करता बोलू. पिठलं झालं, भाकरी झाल्या, ठेचा झाला, आणि सलोमी मिठाबद्दल बोलली, तेलाबद्दल बोलली, शेजारच्या तंबूतल्या बायकांच्या नव्या साड्यांबद्दल बोलली. मूळ गोष्ट काही तोंडाबाहेर पडेना. जेवताना सांगू म्हणाली, तर जयमाला घासाघासाला हसवत होती. भांडी घासताना सांगू म्हणाली, तर केशरबाई जवळून उठल्या नाहीत. मग ती उगाच पाणी आणायला गेली. भरलेला हंडा घेऊन आली, तो ठेवला, आणि दुसरा न्यायला निघाली.

"आगं, हंडा भरल्याला हाय की!" जयमाला म्हणाली. "आपुन काय म्हशी आनल्यात का?"

संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. इथली रीत अशी की प्रत्येक मंडळाच्या मुख्य गायकानं आधी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं, आणि मग गायचं. दोन्ही मिळून दहा मिनिटं. घंटा झाली की उतरायचं, मग गाणं कितीही रंगलेलं असो. कुणाची दारू सुटली होती, कुणाची कावीळ बरी झाली होती, एकाची हरवलेली म्हैस सापडली होती. सलोमीनंही आपल्या धाकट्याच्या विषमज्वराची साक्ष घोकून ठेवली होती. मांडवात कडब्यावर बसून तिनं ती मनात म्हणून पाहिली, तर अर्ध्यात सगळं विसरायला होत होतं. शेजारी जयमालाची बोटं मांडीवर चालली होती. राहात्याच्या मंडळानं तो नवा बॅटरीचा बाजा आणला होता. बटण दाबलं की त्यातून आपोआप ठेका यायचा.

"ह्याला काय आर्थ हाय का?" जयमाला कानात म्हणाली. "गानारा रडतूय आन ह्यो आपला खडाखडा चाललाय. सलोमी, उंद्या आपुन मांडव हलवू बग."

सलोमीनं मान हलवली.

कार्यक्रम मधल्या वेळेला थांबला तेव्हा पाळकसाहेब समोरूनच आले. हसत, हात जोडून. "जयमालाबाई, फार आनंद झाला. आम्ही आत्ताच तुमच्यासाठी..."

"पाळकसाहेब!" सलोमी इतक्या जोरात ओरडली की शेजारची चार माणसं वळली. "पाळकसाहेब, केशरबाईंच्या गुडघ्याला फार दुखतंय. तेवढी प्रार्थना करा ना, आत्ताच!"

केशरबाई चांगल्या पाय पसरून शेंगा खात होत्या. त्यांनी सलोमीकडं पाहिलं, शेंगा पदरात लपवल्या आणि डोळे मिटले. पाळक म्हटल्यावर प्रार्थनेला नाही म्हणता येत नाही. पाळकसाहेबांनी गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली, आणि तेवढ्यात सलोमी जयमालाला चहाच्या निमित्तानं ओढून घेऊन गेली.

"तुला झालंय तरी काय?" जयमालानं विचारलं. "दुपारपासनं नुसती भिंगरी लागल्यागत करतीस. घरी काय झालं का? दाजी काय बोलले का?"

"न्हाई गं."

"मंग सांग की."

इतकं सरळ विचारलं होतं तिनं. दुसरं कुणी असतं तर तिथंच सांगून मोकळं झालं असतं. सलोमीनं बशीत चहा ओतला आणि म्हणाली, "उंद्याच्या गान्याची धास्ती वाटतीय." जयमालानं तिच्या पाठीवर थाप दिली. "मी हाय ना," ती म्हणाली. सलोमीनं बशी तशीच खाली ठेवली.

सकाळी दोघी तोंड धुवायला पाटावर गेल्या. केशरबाई तंबूतच राहिल्या होत्या. धुकं होतं, पाण्यातून वाफा निघत होत्या, आणि पुलावरून उसाच्या गाड्या किरकिरत चालल्या होत्या. मिशनच्या चर्चची पहिली घंटा झाली. तिसऱ्या घंटेला उपासना सुरू होणार होती. आता न बोलून भागणार नव्हतं.

"जयमाला, एक काम करशील?" सलोमी म्हणाली. तिनं हे फार हलकं करून म्हटलं, शेजारणीकडं वाटीभर साखर मागावी तसं. "कमिटीनं औंदा नियम काढलाय. बाप्तिस्मा घेतल्याला आसंल त्यालाच वर बसू देनार. मी पाळकसाहेबास्नी सांगितलंय, तू घेतीस म्हनून. आत्ताच्या उपासनेत. जास्त काय न्हाई, उभं ऱ्हायचं, ते डोक्यावर पानी शिपडत्यात, झालं. आर्ध्या मिनिटाचं काम."

जयमाला दात घासत होती. तिनं बोट तोंडातून काढलं. "काय म्हनलीस?"

"आगं, नुसतं पानी हाय ते. घरी कुनाला सांगायचंबी न्हाई. उत्तमभावजीस्नी कळायचंबी न्हाई. तू काय लगीच आमची व्हनार हाईस का? नुसतं पानी."

जयमालानं चूळ भरली. सावकाश तोंड धुतलं, पदरानं पुसलं. ती चिडली असती तर सलोमीला बरं वाटलं असतं. चिडलेल्या जयमालाला कसं शांत करायचं ते तिला ठाऊक होतं. ही जयमाला तिनं कधी पाहिलेली नव्हती.

"सलोमी, माज्या बापानं दीक्षा घिऊन आल्यावर घरातलं देव काढलं," ती म्हणाली. "माजी आजी त्या देवांस्नी रोज आंगुळ घालायची. तिनंच ते फडक्यात बांदलं, वड्यावर नेलं आन स्वताच्या हातानं सोडलं. घरी आली आन पडून ऱ्हायली. आन्नाला शिवंना. पर माघारी आनलं न्हाईत. आमच्या घरात आजून ते सांगत्यात. त्याला आमी नुसतं म्हनत न्हाई."

"मी तसं न्हाई गं म्हनत..."

"तसंच म्हनलीस. तुजा आजेसासरा ख्रिस्ती झाला तवा त्याला भावकीनं पानी तोडलं हुतं, तूच सांगितलंस मला. त्यानं ते डोक्यावर घेतलं, ते काय नुसतं पानी हुतं? तू मला इचारलं आसतंस, जयमाला, आमच्यात यावंसं वाटतं का, तर मी न्हाई म्हनले आसते. पर मला गोड वाटलं आसतं. तू आपली म्हनून बलावलंस आसं वाटलं आसतं. तू तर मला ढोलकीपायी बलावतीस. आन त्येच्यासाटी सोताच्या देवाचं पानीबी नुसतं करून टाकलंस."

तिनं बादली भरून घेतली आणि चालू लागली. जाताना म्हणाली, "मला जमायचं न्हाई. मी खोटं पानी घ्यायची न्हाई. तुज्या पाळकाला तू सांग."

सलोमी पाटाच्या कडेला तशीच बसली. तिला राग आला, आधी जयमालाचा आला, मग कमिटीचा, मग ज्यानं कुणी तक्रार केली त्याचा. एकेक राग थोडा वेळ टिकून विरून गेला आणि शेवटी उरली नुसती लाज. लहानपणापासून ती रविवार चुकवत नव्हती. धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं. आणि तीच बाई आज पाटावर बसून, तेल-मीठ उरकावं तसा बाप्तिस्मा उरकायला निघाली होती. दुसरी घंटा झाली, तिसरी झाली. ती उपासनेला उशिरा पोहोचली. तिघांचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी दगडी कुंडापाशी उभं राहून बायकांच्या बाजूला दोनदा नजर टाकली, थोडं थांबले, आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

बाहेर आल्यावर तिनं त्यांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मग दोघीच बसा," एवढंच म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा पडला होता की त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला झालं.

दुपारपर्यंतचा वेळ जाता जाईना. जयमालानं स्वयंपाक केला, केशरबाईंच्या गुडघ्याला तेल चोळलं, सलोमीशी जरुरीपुरतं बोलली. मीठ दे. झाकण कुटंय. सलोमी तंबूत शिरायची आणि बाहेर यायची, पेटी उघडायची आणि मिटायची. केशरबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण चर्चबाहेर सलोमी पाळकसाहेबांना खरं सांगत होती तेव्हा त्या मागंच उभ्या होत्या, त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "न्हाई गायचं आपुन, सलोमी. जाऊ घरी."

"गायचं," जयमाला बाहेरूनच म्हणाली. "इतक्या लांब आलोय. मी समोर बसते. मांडीवर ठेका धरते, बगून गा."

आणि ती खरोखरच समोर जाऊन बसली, पहिल्या रांगेत, मांडी घालून, ढोलकी न घेता.

काष्टी महिला मंडळाचं नाव पुकारलं. दोघी वर गेल्या. सलोमीनं पेटी पुढं ओढली, समोर माइक आला. सगळा मांडव भरलेला होता. तिला विषमज्वराची साक्ष द्यायची होती. तोंड उघडलं तर विषमज्वराचं पहिलं वाक्यच येईना. खाली जयमाला हात मांडीवर ठेवून तयार बसली होती.

"आमच्या मंडळात तिघी आहेत," सलोमी म्हणाली. "दोघी वर आहेत. तिसरी ती समोर बसली आहे, जयमाला. ती ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. काल मी पाळकसाहेबांशी खोटं बोलले. आज सकाळी मी तिला म्हणाले, बाप्तिस्मा घे, नुसतं पाणी आहे. मी म्हणाले. इतकी वर्षं मंडळीत बसणारी मी म्हणाले. तिनं मला सांगितलं की ते नुसतं पाणी नाही. ते मला तिच्याकडून ऐकावं लागलं..."

आणि मग तिला थांबता येईना. कॅसेटची हाव सांगितली, पाटावरचं सांगितलं, आजेसासऱ्यांचं सांगितलं, जयमालाच्या आजीचंही सांगितलं. रडत होती, नाक पुसत होती आणि बोलत होती. मांडवात बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. कुणी "आमेन" म्हणालं. केशरबाई मागून तिच्या पाठीत झांजेची कड टोचत होत्या, "गानं, सलोमी, गानं!" म्हणत होत्या. सलोमीनं पेटीवर बोटं ठेवली, आणि त्याच वेळी घंटा झाली.

त्या उतरल्या. लोकांनी वाट करून दिली. एका म्हातारीनं सलोमीच्या तोंडावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत तिच्या गाण्याला एवढा मान मिळाला नव्हता. तिला हलकं हलकं वाटत होतं. पहिल्या रांगेतली जागा मात्र रिकामी होती.

जयमाला तंबूपाशी होती. खुंटे उपटत होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"गानं कुटंय?" ती म्हणाली.

"येळ संपला. आगं, मी समद्यांपुढं कबूल..."

"ऐकलं मी. कर्ण्यातनं ऐकलं, समद्या माळानं ऐकलं." तिनं खुंटा झटकून माती पाडली. "तुजं माज्यासंगं काय हुतं ते माज्यासंगं बोलायचं हुतं. माज्याजवळ येऊन बोलायचं हुतं. सकाळधरनं मी ह्याच तंबूत हुते की. तू आलीस का? आन तितं वर बसून माज्याकडं बोट केलंस. समदी वळून वळून माज्या तोंडाकडं बगायला लागली. एक बाई म्हनली, बिचारी. मी काय बिचारी हाय? माज्या आजीचं सांगितलं हुतं ते तुला सांगितलं हुतं. मांडवाला न्हवतं सांगितलं."

सलोमीचं ते हलकेपण कुठल्या कुठं गेलं.

"तुला बरं वाटलं आसंल," जयमाला म्हणाली. "मला न्हाई वाटलं."

केशरबाई ताडपत्रीला टाचलेल्या परकराचे टाके सोडवू लागल्या. सलोमी जयमालासमोर खाली बसली. माइक नव्हता, घंटा नव्हती.

"चुकले," ती म्हणाली.

"कवा? सकाळी का आत्ता?"

"दोन्ही येळा."

जयमालानं उरलेला खुंटा तिच्या हातात दिला. "धर," म्हणाली. दोघींनी मिळून ताडपत्रीची घडी घातली. टोकाला टोक जुळवताना हात हाताला लागले.

सामान बांधून झाल्यावर सलोमीनं भीत भीत विचारलं, "मंगळवारच्या तालमीला...?"

"यीन की. तुज्या वट्यावर वाजवायला मला कुनाचं भ्याव हाय? हितं मातर मी परत यायची न्हाई."

"मंग मीबी यायची न्हाई."

"तू येत जा," जयमाला म्हणाली. "तुजी मंडळी हाय ही. माज्यापायी तू ती सोडायची, आन मी जलमभर त्येचं वझं वागवायचं, ते मला न्हाई झेपायचं."

फाटकात पाळकसाहेब होते. जाणाऱ्या प्रत्येकाला निरोप देत होते. त्यांनी तिघींपुढं हात जोडले. "जय ख्रिस्त," म्हणाले.

सलोमी आणि केशरबाई "जय ख्रिस्त" म्हणाल्या. जयमालानं ढोलकी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जय भीम, पाळकसाहेब."

पाळकसाहेब क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "जय भीम, जयमालाबाई. नीट जा."

सलोमी मागून चालत होती. काष्टीच्या बाजारात चार दलालांना गप्प करणारी जयमाला या फाटकातून आजवर मान खाली घालून यायची आणि मान खाली घालून जायची. कुणी "जय ख्रिस्त" केलं की नुसती हसायची. इतकी वर्षं सलोमी तिला इथं आणत होती, आणि ती अशी का वागते, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.